एक पेठ, तीन दिवस आणि घड्याळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे एक हौशी छायाचित्रकार डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवस पुण्यात येत आहेत. शनिवारवाडा, पर्वती, दगडूशेठ, सिंहगड यांचे फोटो त्यांनी मागच्या खेपेला काढले आणि ते "सगळ्यांसारखेच" आले, असं त्यांना वाटतं. या वेळी त्यांना रोजचं पुणे टिपायचं आहे, पुणेकरांच्याही नजरेतून सुटणारं. कुठे जावं, काय पाहावं, लेन्स कोणती आणावी, मोबाइल चालेल का आणि कुणी हरकत घेतली तर काय करावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी कसबा पेठेत वाढले आणि गेली सत्तावीस वर्षं फोटोग्राफीवरच माझं घर चालतं. पोटासाठी लग्नं आणि भांड्यांचे कॅटलॉग करते, आणि उरलेल्या वेळात पेठांमधून हिंडते. त्या हिंडण्यातून जे कळलं ते सांगते.

"कुठे जाऊ" हा प्रश्न आधी बदलून घ्या. रोजच्या गोष्टी कुठेतरी लपलेल्या नसतात. त्या सगळ्यांसमोर असतात, पण ठरलेल्या वेळेला असतात, आणि आपण नेमके दुसऱ्या वेळेला तिथून जातो. दाराच्या कडीला अडकवलेली दुधाची पिशवी सकाळी सहाला दिसते, साडेसहाला ती घरात गेलेली असते. पेपरवाले बंद दुकानांच्या पायऱ्यांवर बसून पुरवण्या भरतात ते उजाडण्याआधी. त्या वेळी त्यांच्या बोटांचा वेग बघत राहावा असा असतो. आठला त्याच पायरीवर नुसता सुतळीचा तुकडा पडलेला असतो. म्हणून तीन दिवसांसाठी तीन ठिकाणं निवडू नका. एकच पेठ निवडा आणि तिच्याकडे दिवसातून चार वेळा जा. कसबा घ्या, नाहीतर शुक्रवार. दोन्ही पायी फिरण्याएवढ्या आहेत आणि दोन्हींमध्ये अजून हातांनी काम करणारी माणसं आहेत.

डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो आणि सहा वाजून गेल्यावर लगेच मावळतो. घड्याळातले बारा म्हणजे इथली खरी माध्यान्ह नव्हे, ती साडेबाराच्या पुढे होते. त्या वेळीही सूर्य दक्षिणेला कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर. मे महिन्याच्या मध्यावर हाच सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशी गोळा होते. तेव्हा चेहऱ्यांवर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे पडतात. तुम्हाला ती अडचण नाही. तुमच्या दिवसांत दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंतीवर जवळजवळ दिवसभर तिरकं ऊन राहील आणि समोरची उत्तराभिमुख ओळ दिवसभर सावलीत. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. डिसेंबरमध्ये त्याच्या दर्शनी बाजूला थेट ऊन मिळत नाही, आणि मागे उजळ आकाश. मागच्या खेपेचे तुमचे फोटो मळकट आले असतील तर त्यातला बराच दोष दिशेचा आहे. दक्षिणोत्तर जाणाऱ्या अरुंद बोळांत जमिनीपर्यंत ऊन उतरतं ते साडेबाराच्या अलीकडे-पलीकडे, थोडाच वेळ. ती वेळ जेवणात घालवू नका.

जेवण नंतर घ्या, कारण दुपारी एक ते चार ही पेठेतली माझी सर्वात आवडती वेळ आहे. पुण्यातली दुकानं दुपारी बंद असतात यावर लोक हसतात. फोटोग्राफरसाठी मात्र त्या तीन तासांत दुकानाचा चेहरा उघडा पडतो. एरवी माल बाहेर मांडलेला असतो, गिऱ्हाइकं असतात, दुकान दिसतच नाही. दुपारी शटर खाली येतं किंवा जुन्या दुकानात लाकडी फळ्या लागतात. प्रत्येक फळीवर खडूने किंवा रंगाने क्रमांक लिहिलेला असतो, कारण त्या ठरलेल्या क्रमानेच खाचेत बसतात. आकडे लिहिणाऱ्याचं अक्षर दिसतं. एखादी फळी मागाहून बदललेली असते, तिचा रंग वेगळा असतो. कुलपाभोवतीचं लाकूड हाताने काळं-तुळतुळीत झालेलं असतं. पायरीवर मांजर झोपलेलं असतं, आणि समोरच्या भिंतीवर आपटलेलं ऊन परतून त्या फळ्यांवर पडतं. इतका मऊ प्रकाश स्टुडिओत उभा करायला मला दोन पांढरी छत्री-दिवे आणि अर्धा तास लागतो. ही फळ्यांची दुकानं आता भराभर कमी होत आहेत. जे दिसेल ते समोरासमोर, सरळ उभं राहून, कडा कॅमेऱ्याच्या चौकटीला समांतर ठेवून टिपा. इथे तिरका कोन घेऊन काही मिळत नाही.

सकाळकडे परत येते. पहिल्या दिवशी सूर्य उगवायच्या आधी मंडईत जा. महात्मा फुले मंडईची दगडी इमारत १८८६ मध्ये उघडली. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती रे मार्केट होती. सगळे मधला मनोरा टिपतात. तुम्ही मान खाली घाला. तिथे बघायची गोष्ट म्हणजे चुंबळ. जुन्या लुगड्याची किंवा टॉवेलची पिळून केलेली ती गोल वेटोळी, डोक्यावर ठेवून तिच्यावर पाटी किंवा हारा ठेवतात. ओझं उतरलं की चुंबळ कुठे जाते ते बघा. कुणी मनगटात अडकवतं, कुणी खिळ्याला टांगतं, कुणी बसायला घेतं, आणि कितीतरी बायका ती डोक्यावरच विसरून चहा पितात. एका चुंबळीत दोन-तीन लुगड्यांचे काठ दिसतात. मी एका हिवाळ्यात नुसत्या चुंबळी टिपल्या, सव्वाशेच्या वर. त्यांपैकी दोन सारख्या निघाल्या नाहीत. ते काम चालू असताना माझ्या लक्षात आलं की मी आतापर्यंत मंडईत भाजीचे रंग टिपत होते आणि ती भाजी तिथवर कशी येते ते माझ्या एकाही फोटोत नव्हतं. या शहरात हमालांनी स्वतःची संघटना उभी केली, बाबा आढावांच्या पुढाकाराने हमाल पंचायत झाली, तिची "कष्टाची भाकर" केंद्रं आजही स्वस्तात पोटभर जेवू घालतात. हे शहर ओझं उचलणाऱ्यांचंही आहे. तिथे बसून जेवा, कॅमेरा पिशवीत ठेवून. दुसऱ्या दिवशी तेच लोक तुम्हाला ओळखतील.

मंडईच्या आत उजेड कमी आणि दिवे नाना प्रकारचे. एका गाळ्यावर पिवळा, शेजारी निळसर पांढरा. व्हाइट बॅलन्स (दिवा कुठल्याही रंगाचा असला तरी पांढरं पांढरंच दाखवणारी सोय) आपोआपवर सोडला तर चेहरे प्रत्येक फोटोत रंग बदलतात. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, काढा आणि घरी एका रंगावर आणा, किंवा सरळ एकाच दिव्याखालच्या माणसाशी उभे राहा. मी ३५ मिलिमीटरची एकच लेन्स लावते, छिद्र २.८, वेग सेकंदाचा १२५ वा भाग, आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १६०० ते ३२००. दाणेदार आलं तर येऊ द्या. हलून पुसट झालेला हात चालतो, पण पुसट झालेले डोळे चालत नाहीत, म्हणून वेग त्याच्या खाली नेऊ नका.

मोठी झूम लेन्स घरी ठेवा. दुरून टिपलेला भाजीवाला आणि दोन हातांवरून टिपलेला भाजीवाला यांत फरक लेन्सचा नसतो. दुसऱ्या वेळी त्याने तुम्हाला पाहिलेलं असतं आणि राहू दिलेलं असतं, आणि ते फोटोत दिसतं.

उजाडल्यावर कसब्यातल्या तांबट आळीकडे चला. पत्ता विचारावा लागत नाही, आवाज घेऊन जातो. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे एकसारखे गोल ठोके उमटवतात त्याला मठारकाम म्हणतात. ते दिसायला सुंदर असतंच, पण ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो आणि भांडं टिकतं, हे त्यामागचं खरं कारण. लोक तयार घागरीचा चमकता फोटो काढतात. मला तिथे दोन गोष्टी बघाव्याशा वाटतात. एक, कारागिराचा पाय. भांडं लोखंडी खुंटावर फिरवत ठेवायला पायाचा अंगठा आणि गुडघा सतत कामात असतात. हातोडी जितकी काम करते तितकाच तो अंगठा. दुसरी, बसायची जागा. त्याच जागी बापाने आणि आजोबांनी बसून काम केलेलं असेल तर जमिनीला आणि भिंतीला पाठीचा, टाचेचा आकार आलेला असतो. दुकानात उजेड फक्त दारातून येतो. दारात उभे राहिलात तर तोच अडवाल. आत यायची परवानगी मागा आणि भिंतीला चिकटून बसा, म्हणजे प्रकाश बाजूने पडेल आणि प्रत्येक ठोक्याला सावली मिळेल.

तिथेच, भांड्यांच्या दुकानांच्या आसपास, नशिबात असेल तर कल्हईवाला सापडेल. सापडला तर बाकी सगळं सोडा. पितळेचं पातेलं भट्टीवर तापतं, त्यात नवसागराची पूड पडते, भसकन पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी टेकवली जाते आणि कापसाचा बोळा गर्रकन फिरतो. काळंमिट्ट भांडं दोन-तीन सेकंदांत आतून चांदीसारखं होतं. मग ते पाण्यात बुडतं आणि चर्र आवाज येतो. त्या दोन-तीन सेकंदांसाठी आधीची दोन भांडी नुसती बघण्यात घालवा. मोजा. पूड पडल्यापासून बोळा फिरेपर्यंत किती वेळ जातो ते प्रत्येक कारागिराचं ठरलेलं असतं, आणि तिसऱ्या भांड्याला तुमचं बोट बरोबर वेळेवर दाबलं जातं. एक्स्पोजर स्पॉट मीटरने, म्हणजे एकाच ठिपक्याचा उजेड मोजून, भांड्याच्या कडेवर घ्या, नाहीतर पांढऱ्या धुराने मीटर फसतो आणि माणूस काळाठिक्कर पडतो. धूर नाकात गेला तर खोकला येतो, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहा. माझ्या आईच्या काळी कल्हईवाला वाड्याच्या चौकात येऊन बसायचा आणि सगळ्या बिऱ्हाडांची भांडी रांगेत मांडली जायची. स्टेनलेस स्टील आणि नॉनस्टिकने ते संपवलं. आता पितळेची भांडी पुन्हा घेणारे लोक दिसतात, म्हणून थोडं काम परत येत आहे.

वाड्यांबद्दल. तुम्हाला विश्रामबागवाडा माहीत असेल, दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये बांधून पुरा केलेला, बाजीराव रस्त्यावर कोरीव लाकडी दर्शनी भाग असलेला. तो बघाच. पण तुमच्या कामाचे वाडे म्हणजे ज्यांना नाव नाही असे, भाडेकरू अजून राहतात असे. बाहेरून दिंडी दरवाजा दिसतो, मोठ्या दारातला छोटा दरवाजा. आत शिरलं की अंधाराचा एक पट्टा आणि पुढे चौकातलं ऊन. सगळे फोटोग्राफर ऊन बघून पुढे धावतात. त्या अंधारात थांबा आणि डोळे सरावू द्या. जिन्याखाली विजेचे मीटर एका लाकडी बोर्डावर दाटीवाटीने लावलेले असतात, शेजारी पत्र्याच्या टपालपेट्या, कुणाचं कुलूप, कुणाची नुसती तार. आणि एक काळी पाटी, बिऱ्हाडकरूंच्या नावांची, पांढऱ्या रंगात हाताने लिहिलेली. कुणी सोडून गेलं की नाव खोडलं जातं किंवा त्यावर काळा रंग मारला जातो, पण खालचं अक्षर तिरक्या उजेडात वाचता येतं.

अशी एक पाटी मी २००९ साली शुक्रवार पेठेत टिपली होती. चौदा नावं, त्यातली पाच रंगाखाली गेलेली. फोटो म्हणून ती चौकट फारशी चांगली नव्हती, मी ती कुठे दाखवलीही नाही. पुढे वाडा पाडून इमारत उभी राहिली. काही वर्षांनी एका लग्नाच्या कामात मुलीच्या आजीशी बोलताना कळलं की त्या त्याच वाड्यात सून म्हणून आल्या होत्या. मी घरी जाऊन जुन्या डिस्क धुंडाळल्या आणि त्यांना प्रिंट नेऊन दिली. त्यांनी आधी यजमानांचं नाव वाचलं. मग रंगाखालची पाचही नावं त्यांनी एकेक करून मला सांगितली. पुसट अक्षरं त्यांना वाचायची गरजच नव्हती. कोण कुठे गेलं, कुणाची मुलगी कुठे दिली, कुणाचा बंब चौकात असायचा आणि सकाळी पाणी कुणाला आधी. मी तासभर बसले होते आणि मला एवढंच वाटत होतं की त्या दिवशी जिन्याखाली मी आणखी दहा मिनिटं का थांबले नाही. मीटरचा बोर्ड टिपायचा राहिला होता.

तेव्हापासून जुन्या वाड्यात गेले की मी ठरलेल्या काही गोष्टी टिपल्याशिवाय बाहेर येत नाही: दाराची कडी आणि आडणा, झिजलेला उंबरठा, कोनाड्यातली दिव्याची काजळी, कडीपाटाचं छत, जिन्याला कठड्याऐवजी बांधलेला दोर. दोराचा मधला भाग हातांनी तेलकट होऊन चमकतो. ते टिपायला सूर्य नको, ढग चालतात.

नदीकडच्या बाजूला, नारायण आणि शनिवार पेठेत, वाडे एकदम विरळ का होतात असा प्रश्न तुम्हाला फिरताना पडेल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, आणि मुठेचं पाणी या पेठांत शिरलं. माती-विटांच्या भिंती पाण्यात विरघळून बसल्या. खाली दगडी जोतं आणि वर वेगळ्याच वयाची इमारत असं काही दिसलं तर तिथे थांबा. दगड जुना, वरचं सगळं नंतरचं, आणि दोघांमधली आडवी रेघ डोळ्यांना दिसते.

त्या काळ्या दगडाबद्दल एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी, कारण पुण्यात ती पावलोपावली नडते. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. काळ्या पाषाणाची भिंत चौकटभर आली की तो ती उजळ करू बघतो, आणि दगड सिमेंटसारखा राखाडी येतो. एक स्टॉप कमी करा, म्हणजे प्रकाश निम्मा. दगड काळा राहील आणि त्यावर लावलेला शेंदूर लाल राहील. रस्त्याच्या कडेचे मारुती टिपताना हे फार उपयोगी पडतं. इथल्या देवांची नावंच बघा: डुल्या मारुती, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर. नावांची मौज सगळे सांगतात. मी तुम्हाला देवाकडे पाठ करून उभं राहायला सांगेन.

कुठल्याही रस्त्यावरच्या देवळाच्या पायरीवर सकाळी नऊ ते साडेदहा उभे राहा आणि रस्त्याकडे तोंड करा. दुचाकीवरून जाणारे लोक थांबत नाहीत. उजवा हात ॲक्सिलरेटरवरून सुटू शकत नाही, म्हणून डावा हात छातीला लागतो, कधी ओठांना, आणि मान अर्धा इंच लवते. कुणी नुसता हॉर्न हलका वाजवतं. मागे बसलेली मुलगी फोनवर बोलता बोलता डोळे मिटते. एका सेकंदाचा नमस्कार. शिवाजी रस्त्यावर दगडूशेठच्या समोर तर लोक पलीकडच्या फुटपाथवर, मधून बसेस जात असताना, हात जोडून उभे असतात, कारण मूर्ती रस्त्यावरून दिसते. बस आली की त्यांचे चेहरे झाकतात, गेली की पुन्हा दिसतात, आणि हात तसेच. मंदिराचा एकही दगड न दाखवता तुम्हाला मंदिराचा फोटो मिळतो. दुचाकीस्वारांसाठी वेग सेकंदाचा ३० वा भाग ठेवा आणि कॅमेरा त्यांच्याबरोबर फिरवा. वीसातला एक फोटो येईल. मीही अजून वीसातला एकच काढते.

याच वेळी सिग्नलवर मुलींचे स्कार्फ बघा. चेहरा, केस, मान असं सगळं गुंडाळून फक्त डोळे उघडे, आणि हातात खांद्यापर्यंतचे मोजे. हे पुण्याचं खास रूप आहे, आणि त्याचे फोटो बऱ्याचदा "चेहरा झाकलेल्या मुली" म्हणून निघतात, तिथेच ते फसतात. स्कार्फ बांधायची कृती बघा. ऑफिसच्या पार्किंगमध्ये आरशाशिवाय, दोन टोकं मागे नेऊन, दातांत एक टोक धरून, आठ-दहा सेकंदांत काम होतं, आणि प्रत्येकीची पद्धत वेगळी असते. इथे आधी विचारा. अनोळखी मुलींवर दुरून कॅमेरा रोखू नका, हे मी फक्त शिष्टाचार म्हणून सांगत नाही. विचारलं तर त्या दोनदा करून दाखवतात, आणि दुसऱ्या वेळी हात कुठे जाणार ते तुम्हाला ठाऊक असतं.

पुणेरी पाट्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. नुसतं वाक्य वाचता येईल असे फोटो ढिगाने आहेत. मला पाटी रंगवणाऱ्याचा हात महत्त्वाचा वाटतो. ब्रशने ओढलेला "क्ष", शिरोरेघेचं टोक, जागा संपत आली म्हणून शेवटच्या शब्दाची केलेली दाटी. फ्लेक्स आल्यापासून हे काम करणारे पेंटर फार थोडे राहिले. पाटीसोबत तिची भिंत, तिचा खिळा आणि तिच्याखाली उभी असलेली सायकल चौकटीत येऊ द्या.

तुमच्या दिवसांत बुधवार किंवा रविवार येत असेल तर मंगळवार पेठेजवळच्या जुन्या बाजारात जा. पाडलेल्या वाड्यांच्या वस्तू शेवटी तिथे भेटतात: पितळी कड्या, घोड्यांचे नाल, कुलपं, खुंट्या. आणि चौकटीतले फोटो. लग्नाचं जोडपं, मुंजीचा मुलगा, खुर्चीला हात लावून उभे असलेले कोणाचे तरी आजोबा, सगळे जमिनीवर अंथरलेल्या प्लास्टिकवर. मला तिथे दर वेळी जड वाटतं आणि तरी मी जाते. तरुणपणी याच बाजारात मी एका विक्रेत्याचा न विचारता फोटो काढला. तो उठून आला आणि शांतपणे म्हणाला, "ताई, मी काय दुकानातली वस्तू आहे का?" तिथे वस्तूंचे भाव होतात, माणसांचे नाही, हे मला कळायला हवं होतं. मी फोटो पुसला, माफी मागितली आणि त्याच्याकडून एक पितळी नळ घेतला. तो नळ माझ्या टेबलावर आहे.

हरकतीबद्दल तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर त्यातच आहे. कुणी नको म्हटलं तर लगेच थांबा आणि समोर पुसा, वाद घालू नका. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारल्याशिवाय कॅमेरा उचलू नका. सकाळी घरोघरी ओला-सुका कचरा गोळा करणाऱ्या ताई तुम्हाला ढकलगाडीसह दिसतील. त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ पासून आहे, गळ्यात ओळखपत्र असतं, आणि त्यांना आपल्या कामाबद्दल बोलता येतं. कचऱ्यात वाकलेला पाठमोरा फोटो काढण्यापेक्षा वर्गीकरण करतानाच्या हातांचा काढा. कुठलं प्लास्टिक कुठल्या पोत्यात जातं हे त्या बोटांनी ओळखतात. शनिवारवाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तिथे ट्रायपॉडला परवानगी लागते. कॅम्पमध्ये, म्हणजे छावणीच्या भागात, लष्करी इमारतींच्या आसपास कॅमेरा पिशवीतच राहू द्या.

मोबाइल चालतो. उलट मंडईत आणि वाड्यात तो बरा, माणसं बिचकत नाहीत. फक्त झूम करू नका, पाऊल पुढे टाका. आणि चेहऱ्यावर बोट दाबून उजेड थोडा कमी करायची सवय लावा, नाहीतर पांढरा सदरा जळून जातो.

नजर तयार व्हावी म्हणून पहिल्या दिवशी दुपारी बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालयात दोन तास द्या. दिनकर गंगाधर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते उभं केलं. तलवारींच्या मागे न लागता त्यांनी अडकित्ते, वज्र्या, फण्या, कलमदानं, दिवे, करंडे गावोगाव हिंडून जमवले. पाय घासायची वज्री पक्ष्याच्या आकाराची केलेली बघितली की घडवणाऱ्याने तिच्याकडे किती वेळ पाहिलं असेल ते कळतं. ते बघून संध्याकाळी रस्त्यावर आलात की दाराची प्रत्येक कडी वेगळी दिसायला लागते. माझं तसं झालं होतं.

शेवटची गोष्ट. तिसऱ्या दिवशी निघण्याआधी जवळच्या लॅबमधून चार बाय सहाच्या दहा-बारा प्रिंट काढून घ्या आणि ज्यांचे फोटो आहेत त्यांना नेऊन द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवतो म्हणू नका. मागे तारीख आणि जागा लिहा. लॅबच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेनची शाई पुढच्या प्रिंटला लागते. बारीक टोकाचा मार्कर घ्या, आणि एकावर एक ठेवण्याआधी दोन मिनिटं वाळू द्या.